खुर्चीमागची ओळ

"जागा बदलता का माझ्याशी? मला ते समोर नको."

आईचा कान दाखवायला गेले होते. तिला आत ऐकण्याच्या तपासणीला बसवलं होतं आणि मी बाहेर, नंबर लागायची वाट बघणाऱ्यांच्या गर्दीत. शेजारी साठीच्या आसपासच्या एक बाई होत्या. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीचा बंद त्या तर्जनीला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. बराच वेळ आम्ही एकमेकींशी काही बोललो नव्हतो आणि मग एकदम हे वाक्य. मला वाटलं, पंख्याचा वारा लागत असेल. मी उठले, त्या माझ्या खुर्चीवर सरकल्या. तिथून समोर फक्त खांब दिसायचा. त्यांच्या जागी बसल्यावर मला कळलं, त्यांना काय नको होतं ते. समोरच्या भिंतीवर पोस्टर होतं, 'कर्करोगाची सात लक्षणे'. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटून कागद आत वळलेला. बरी न होणारी जखम. हाताला लागणारी गाठ. कुठूनही होणारा अवेळी रक्तस्राव. शौचाच्या किंवा लघवीच्या सवयीत बदल. गिळायला त्रास. तिळाचा किंवा चामखिळीचा बदललेला आकार. न जाणारा खोकला किंवा बसलेला आवाज. खाली ठळक अक्षरांत 'यापैकी काहीही आढळल्यास' आणि पुढचं सगळं समोरच्या रांगेतल्या खुर्च्यांच्या पाठीमागे गेलेलं.

पंचवीस-तीस मिनिटं मी ते वाचत होते. दुसरं वाचायला काही नव्हतं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, नंतर डोळे आपोआप तिथेच जायला लागले आणि नकळत हात मानेवर गेला. मध्येच त्या बाईंच्या नावाचा पुकारा झाला. त्या उठल्या, पिशवी छातीशी धरली आणि आत गेल्या. कानाच्या डॉक्टरांकडे की घशाच्या, ते कळायला मार्ग नव्हता, दोन्ही दार एकच. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. पण घरी येऊन आईला जेवायला वाढताना, रात्री दिवा मालवताना, दुसऱ्या दिवशी कामात असतानाही ते वाक्य डोक्यातून जाईना. मला ते समोर नको. जे बघायचं नाही असं माणूस ठरवतो, ते त्यानं आधी बघितलेलं असतं. त्या सातातलं कुठलं तरी एक त्यांच्याजवळ असणार. आणि ते मी त्यांना विचारलं नाही.

विचारायला हवं होतं.

आमच्या घरात या आजाराचं नाव घेत नाहीत. कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनी गाठीभोवती पसरलेल्या फुगीर शिरा बघून त्याला खेकडा म्हटलं होतं. एवढ्या लांबच्या भाषेतला तो प्राणी आपल्या शब्दातही असावा, याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं. पण घरात मात्र ना कर्क, ना कॅन्सर. "तिला ते झालंय" एवढंच. 'ते' म्हणताना आवाज खाली यायचा आणि मोठी माणसं आमच्याकडे बघायची, मुलांनी ऐकलं की काय म्हणून. त्या बाईंच्या 'ते समोर नको' मधलं 'ते' मी लगेच ओळखायला हवं होतं. मी ते ऐकतच मोठी झाले.

याला एकच अपवाद, माझी धाकटी मावशी. ती स्पष्ट बोलायची, नाव घेऊन बोलायची. वर्तमानपत्रांतली आरोग्याची पानं कापून ठेवायची आणि तारखेनुसार फायलीत लावायची. फोन हातात आल्यावर तर तिला रानच मोकळं मिळालं. रोज सकाळी सगळ्यांना काहीतरी यायचं. त्यात खरंही असायचं आणि भलतंसलतंही, पण तळमळ शंभर टक्के खरी होती. माझ्या मिस्टरांची सिगारेट तिनं सोडवली. सलग दीड वर्ष, दर रविवारी फोन करून. 'किती झाल्या या आठवड्यात?' एवढा एकच प्रश्न, बाकी उपदेश नाही. ते आजही म्हणतात की पाकिटावरच्या चित्राची सवय झाली होती, मावशींच्या फोनची झाली नाही.

त्या मावशीला स्वतःच्या छातीत गाठ लागली आणि तिनं आठ महिने कुणाला सांगितलं नाही.

ती गेल्यावर मावसबहिणीनं फाईल माझ्याकडे दिली. तुला वाचायला आवडतं म्हणून, असं म्हणाली. मी ती वर्षभर उघडली नाही. मग एका दुपारी उघडली. कात्रणांना जुन्या कागदाचा आणि डिंकाचा वास होता. स्तनातल्या गाठींवरचा एक मोठा लेख होता, चौकटीत आकृती, बोटं कशी फिरवायची, कुठून सुरुवात करायची. लेख चांगला होता. आज वाचतानाही त्यात चूक सापडत नाही. पेन्सिलीनं एकाच वाक्याखाली रेघ होती, दोनदा ओढलेली, दुसऱ्या वेळी जोर देऊन. 'बहुतांश गाठी साध्या असतात, कर्करोगाच्या नसतात.' त्याच्या पुढचंच वाक्य होतं, 'मात्र प्रत्येक गाठ डॉक्टरांना दाखवावी.' त्याखाली काही नव्हतं.

मी किती तरी वेळ त्या रेघेकडे बघत होते. तोपर्यंत माझी समजूत होती की लोकांना माहिती नसते म्हणून उशीर होतो, आणि योग्य माहिती दिली की झालं. इथे माहिती होती, योग्य होती, तिनं कात्रीनं कापून जपून ठेवलेली होती. वाक्य खरंच होतं. बहुतेक गाठी साध्याच असतात. तिला धीर हवा होता, तो तिनं तिथून घेतला आणि आठ महिने पुरवला.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले. काही तरी शोधत होते, काय ते मलाही नीट सांगता आलं नसतं. केटी कुरिक या अमेरिकन निवेदिकेचा नवरा 1998 साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगानं गेला, 42 वर्षांचा होता. मार्च 2000 मध्ये तिनं स्वतःची कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून केलेली मोठ्या आतड्याची तपासणी, टीव्हीवर दाखवली. ज्या तपासणीचं नाव काढायलाही लोक लाजतात, ती लाखो घरांच्या बैठकीत. त्यानंतर ही तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या खरोखर वाढली, डॉक्टरमागे महिन्याला 15 होत्या त्या 18 च्या वर गेल्या, आणि हा परिणाम काही महिने टिकला. तीन तपासण्या म्हणजे फार नाही, असं आधी वाटतं. पण प्रत्येक डॉक्टरमागे, प्रत्येक महिन्याला तीन माणसं, ती कोण असतील याचा मी विचार करते. त्या खांबाकडे तोंड करून बसलेल्यांपैकीच असतील.

जेड गुडी या ब्रिटिश रिअॅलिटी शोमधल्या मुलीचं मला जास्त लागलं. 'बिग बॉस'च्या घरात असताना तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची बातमी कळली, ते आपल्यातल्या अनेकांनी टीव्हीवर पाहिलंय. 22 मार्च 2009 ला ती गेली तेव्हा 27 वर्षांची होती, दोन लहान मुलगे मागे ठेवून. शेवटचे महिने तिनं सगळ्यांसमोर काढले, केस गेलेले, चेहरा सुजलेला. तेव्हा लोकांनी तिला नावंही ठेवली. पण 2008 च्या मध्यापासून वर्षभरात इंग्लंडमध्ये गर्भाशयमुखाच्या, नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक जास्तीच्या तपासण्या झाल्या. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. या वाढीव तपासण्यांत ज्यांची तारीख कधीच उलटून गेली होती, ज्या टाळत होत्या, अशा बायकांचा वाटा मोठा होता. गरज नसताना घाबरून लवकर आलेल्या फारच थोड्या. म्हणजे तपासणीचं पत्र त्यांच्या घरी पडलेलं होतं. केव्हा जायचं, कुठे जायचं हे त्यांना ठाऊक होतं. एका अनोळखी मुलीचा चेहरा आठवला आणि त्या उठल्या.

पुढे तो ओघ ओसरला. चेहरे विसरले जातात.

आणि चेहरा प्रत्येक वेळी योग्य माणसालाच उठवतो असंही नाही. कायली मिनोग या गायिकेला 2005 साली, वयाच्या 36 व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला आणि ऑस्ट्रेलियात दोन आठवडे बातम्यांत दुसरं काही नव्हतं. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या नोंदणीत 40 टक्के वाढ झाली. त्यात आधी कधीच न गेलेल्या चाळिशीपुढच्या बायका होत्या, हे चांगलंच. पण विशी-तिशीतल्या मुलींच्याही तपासण्या वाढल्या आणि त्यांच्यात सापडणारे कर्करोग काही त्या प्रमाणात वाढले नाहीत. बातमीतली बाई 36 ची होती, तेव्हा 30 च्या मुलीला ती स्वतःची बातमी वाटली. अँजेलिना जोली या अभिनेत्रीनं 14 मे 2013 ला, कर्करोगाचा धोका वाढवणारं जनुक अंगात सापडल्यामुळे आधीच स्तन काढून टाकण्याच्या आपल्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं, त्यानंतरच्या पंधरा कामाच्या दिवसांत अमेरिकेत त्या जनुकाच्या चाचण्या 64 टक्क्यांनी वाढल्या. तिची गोष्ट चारातल्या तिघा अमेरिकनांना माहीत होती. तिचा धोका इतर बाईच्या तुलनेत किती होता हे नीट समजलेले मात्र दहातला एकही भरत नव्हता. तिचं लिहिणं मला आजही धाडसाचं वाटतं. पण गोष्ट पोचली तरी तिच्यातलं 'कुणासाठी' हे वाटेत कुठे तरी गळून पडलं.

भीतीचं काय करायचं, हा प्रश्न मला सुटलेला नाही. भीती दाखवू नका असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही, कारण सिगारेटच्या पाकिटावरची चित्रं असायलाच हवीत असं मला वाटतं. 1964 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलनं, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यानं, धूम्रपानाचा अहवाल प्रसिद्ध केला, तोही शनिवारी, शेअर बाजार बंद असताना. तेव्हा तिथली दर दहा प्रौढांतली चार माणसं सिगारेट ओढायची. आज दहातलं जेमतेम एक ओढतं. साठ वर्षं लागली, आणि नुसता अहवाल पुरला नाही. कर लागले, बंदी आली, जाहिराती गेल्या, आणि घराघरांत कुणी ना कुणी रविवारचे फोन केले असणार.

पण भीती सगळीकडूनच यायला लागली की माणूस दारच लावून घेतो. 2015 साली प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू आहे, म्हणून मथळे आले की ते तंबाखूइतकंच घातक. खरं तर तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, हा आकडाही खरा. पण शंभरातल्या पाचजणांना आयुष्यात तो होणार असेल तर साधारण सहाजणांना होईल, असं सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याला तो आकडा हातात धरता आला असता. अशा दहा बातम्या वाचल्या की माणूस म्हणतो, सगळ्यानंच होतो, मग कशाकशाला घाबरायचं. 2003 मधल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत जवळपास निम्म्या लोकांनी हेच म्हटलं होतं, 'जवळजवळ प्रत्येक गोष्टीनं कर्करोग होतो असं वाटतं.' हे वाटणारी माणसं व्यायामही कमी करत होती. माझे वडील अगदी हेच वाक्य बोलायचे, आणि ते बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव असायचा.

कधी माहिती उलटीच वाहते. जपानमध्ये एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळण्यासाठीची लस घेणाऱ्या मुली 70 टक्क्यांच्या आसपास होत्या. 2013 साली दुष्परिणामांच्या बातम्या टीव्हीवर सतत दिसायला लागल्या, सरकारनं शिफारस थांबवली आणि प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. बातम्यांतल्या मुलींचा त्रास खोटा नव्हता, तो लसीमुळे असल्याचं मात्र सिद्ध झालं नाही. शिफारस पूर्ववत व्हायला 2022 उजाडलं. मधल्या काळात तेराव्या वर्षात आलेल्या मुलींचं वय कुणासाठी थांबलं नव्हतं. आयर्लंडमध्येही तशीच घसरण झाली होती. तिथे लॉरा ब्रेनन नावाच्या, गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या तरुणीनं आरोग्यखात्याला स्वतः होऊन कळवलं की माझा उपयोग होत असेल तर करून घ्या. ती शाळकरी मुलींच्या आयांशी बोलली. प्रमाण पुन्हा चढायला लागलं. मार्च 2019 मध्ये ती गेली, 26 वर्षांची होती. जपानच्या आकड्यांपुढे तिचं नाव लिहिताना मला जरा बरं वाटतं.

जास्त शोधणं म्हणजे नेहमीच जास्त वाचवणं, हाही माझा समज दक्षिण कोरियानं मोडला. तिथे सरकारी तपासण्यांच्या जोडीला थायरॉईडची सोनोग्राफीही सहज होऊ लागली. थोडे पैसे भरले की झालं. 2011 पर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचं निदान 1993 च्या पंधरापट झालं. त्यानं होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांच्या गळ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण आला, जन्मभराची गोळी लागली, आणि त्यातल्या अनेकांना त्या गाठीनं कधी त्रासही दिला नसता. 2014 मध्ये काही डॉक्टरांनी जाहीरपणे हे मांडल्यावर वर्षभरात शस्त्रक्रिया 35 टक्क्यांनी घटल्या. हे वाचलं तेव्हा मी मानेवरचा हात खाली घेतला होता. आणि लगेच मावशी आठवली. तिच्या बाबतीत उशीर हा उशीरच होता.

'जनजागृती' हा शब्द मला हल्ली थांबवतो. जागृती म्हणजे जाग. जाग आली तरी माणूस अंथरुणात पडून राहतोच की, कधी कधी तर जाग आली म्हणूनच डोळे घट्ट मिटून घेतो. 1965 साली येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग आहे, कर्करोगाचा नाही, धनुर्वाताच्या लसीचा. काहींना भीतिदायक माहितीची पुस्तिका दिली. ते घाबरले, लस घ्यायला हवी असं म्हणाले, आणि शंभरातले तीनच गेले. दुसऱ्यांना माहितीसोबत एक नकाशा दिला, दवाखान्यावर खूण केलेला, वेळा लिहिलेल्या, आणि तुमच्या तासांच्या मधून कधी जाता येईल ते बघा म्हणून सांगितलं. त्यातले 28 टक्के गेले. दवाखाना कुठे आहे हे बहुतेकांना आधीपासून माहीत होतं. तरीही.

मावशीला मी किती लेख पाठवले असतील. तिनंही मला. एकीनंही दुसरीला विचारलं नाही की तू कधी जाणार आहेस, मी येऊ का बरोबर.

आईला पुन्हा बोलावलं होतं, पंधरा दिवसांनी. त्या दिवशी आम्ही लवकर पोचलो. फरशी पुसणं चाललं होतं आणि पुसणाऱ्यानं खुर्च्यांची ती रांग भिंतीपासून पुढे ओढून ठेवली होती. भिंतीवर खुर्च्यांच्या पाठीनं घासून एक करडा पट्टा उमटला होता, बरोबर पोस्टरच्या खालच्या कडेवर. त्या पट्ट्यातून अक्षरं दिसत होती. 'तळमजला, खोली क्रमांक 11, मंगळवार व शुक्रवार, सकाळी 9 ते 12. आधी वेळ घेण्याची गरज नाही.' मी सिस्टरना म्हटलं, हे जरा वर लावता येईल का. त्या बघून म्हणाल्या, "अगं बाई, खाली पण लिहिलंय होय." त्यांनी चिकटपट्टी आणली, मी वरची बाजू धरली आणि आम्ही पोस्टर दीड हात वर घेतलं. आता ते खांबाच्या बाजूच्या खुर्चीवरूनही दिसत होतं. त्या बाई पुन्हा आल्या तर त्यांना कुठे बसता येईल, असा विचार मनात आला आणि काय केलं आपण, असंही क्षणभर वाटलं.

काल मावसबहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मुलाची परीक्षा, पाहुणे. मग म्हणाली, "ताई, तुझ्याकडे आईची फाईल आहे ना? त्यात तो गाठींवरचा लेख होता बघ. फोटो काढून पाठवतेस का?"

"कशाला हवाय?"

"असंच."

तिचा 'असंच' मला तिच्या आईच्या आवाजात ऐकू आला. पाठवते, असं माझ्या तोंडावर आलं होतं.

"उद्या मंगळवार आहे," मी म्हटलं. "साडेआठला मी तुझ्या दारात येते. तयार राहा."

ती काही बोलली नाही. मीही फोन ठेवला नाही. पलीकडे कुणी तरी नळ सोडला, बंद केला.

"साडेआठ लवकर होईल," ती म्हणाली. "पावणेनऊला ये."

खोली क्रमांक 11 च्या बाहेर आज खुर्च्या कमी आणि माणसं जास्त होती. आमचा नंबर 18. ती माझ्या शेजारी बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी तिचा हात हातात घेतला, तेव्हा आतून 14 चा पुकारा झाला.